खालच्या टाकीची जबाबदारी

आमच्या सोसायटीचे नियम माझ्या अक्षरात होते. मी शाळेत शिकवायचे, फळ्यावर लिहून लिहून अक्षर वळणदार झालेलं, म्हणून कमिटीने ते काम माझ्या नवऱ्याकरवी माझ्याकडे पोचवलं. दोन संध्याकाळी बसून मी पांढऱ्या कार्डशीटवर निळ्या स्केचपेनने एकवीस नियम लिहिले, कडेने लाल रेघ मारली. जिन्याखाली मीटरची खोली होती, तिच्या दारावर तो कागद चिकटवला. येणारे-जाणारे थांबून वाचायचे आणि म्हणायचे, ‘बाई, अक्षर काय सुंदर आहे हो!’ नियमांबद्दल कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कोपरखैरण्याला आमची चार मजल्यांची, सोळा घरांची बिल्डिंग. मागे बोनकोडे गाव, पुढे मोकळा, खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता. आमचं घर तळमजल्यावर, चार नंबर. आधी आम्ही भाड्याच्या एका खोलीत दहा वर्षं काढली होती, त्यामुळे स्वतःचं दार, स्वतःचा नळ याचं इतकं अप्रूप होतं की पहिले काही महिने मी घरातून उगाचच फिरायचे. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होता, शिफ्टमध्ये. मूल नव्हतं. पुढेही झालं नाही.

एकवीस नियमांतला चौदावा नियम पाण्याचा होता. सकाळी तासभर पाणी यायचं ते गेटजवळच्या जमिनीखालच्या टाकीत, आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. खालच्या टाकीला सिमेंटचं चौकोनी झाकण होतं. त्या झाकणापासून चार पावलांवर ड्रेनेजचा चेंबर. असं जवळजवळ का बांधलं कोण जाणे. ते बघूनच अध्यक्षांनी नियम काढला की दर रविवारी एका घराने टाकीचं झाकण उचलून आत बघायचं, चेंबर तुंबलेला नाही ना ते बघायचं आणि मीटरच्या खोलीत टांगलेल्या वहीत सही करायची. एक नंबरपासून सुरुवात, सोळा आठवड्यांनी परत एक नंबर.

मी आधी ‘आठवड्याची पाळी’ असं लिहिलं होतं. ते वाचून जिन्यात बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, ‘बाई, तेवढा शब्द बदला. जबाबदारी लिहा.’ मी कागदाची पट्टी चिकटवून त्यावर ‘जबाबदारी’ लिहिलं.

तीन नंबरमध्ये रायगडच्या किनाऱ्यावरचं एक मुसलमान कुटुंब होतं. तो वाशीला एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता, घरात त्याची आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्याची बायको माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ती मला ताई म्हणायची, मी तिला नावानेच हाक मारायचे. आमच्या दोन्ही दारांमध्ये एवढीशी जागा होती, तिथे दुपारी आम्ही दोन पाट टाकून बसायचो. मी वह्या तपासायचे, ती तांदूळ निवडायची. तिला मराठी लिहायला यायचं, पण जोडाक्षरं अडायची, ती तिने माझ्याकडून शिकून घेतली. गावाकडे त्यांची विहीर होती, उन्हाळ्यात तळाला जायची. त्यामुळे इथे नळ सोडला की पाणी येतं याचं तिला माझ्यासारखंच कौतुक. ‘ताई, इकडे पाण्याची फिकीरच नाही,’ असं ती नेहमी म्हणायची.

तिसऱ्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. सासूला नातू हवा होता, पण ती तसं बोलून दाखवायची नाही. सुनेला फक्त म्हणायची, ‘नीट खा, दोघांचं खा.’ मला मूल नव्हतं म्हणून की काय, माझ्यासमोर हा विषय त्या दोघी जपून काढायच्या. मग एकदा मीच म्हटलं, ‘बाळाचे कपडे मी शिवणार.’ तेव्हा ती इतकी हसली की वाटलं, हे आपण आधीच म्हणायला हवं होतं.

त्याच वर्षी गणपतीनंतर टाकीचं झाकण फुटलं. पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ होते, न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवायचं काम करायचे. त्यांनी नवी मारुती व्हॅन घेतली होती आणि गेटच्या आत तेवढीच जागा म्हणून ते ती टाकीवर उभी करायचे. एका सकाळी झाकणाचा एक कोपरा आत पडला. हाताचा पंजा जाईल एवढं भोक. त्यांनी त्यावर एक फरशीचा तुकडा ठेवला आणि कामाला गेले.

मीटिंग भरली. गच्चीवर सतरंज्या टाकल्या, चहा झाला. काकांनी विषय काढला तसे व्हॅनवाले म्हणाले, ‘झाकण मी मुद्दाम फोडलं का? गाडी कुठे लावू, सांगा ना. पार्किंगची सोय सोसायटीने करायची की नाही?’

तिसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, ‘मग आमच्या स्कूटरचं काय?’

तिथून मीटिंग स्कूटरवर गेली. मग गेटवर, मग गेटला रात्री कुलूप लावावं की नाही यावर. कोणीतरी म्हणालं, डक्टमध्ये, पाइपांच्या त्या मागच्या बोळकांडीत, कचरा कोण टाकतं तेही आज ठरू द्या. दोन तास झाले. झाकणाचं काय, असं माझ्या नवऱ्याने दोनदा विचारलं. काका म्हणाले, ‘ते पुढच्या मीटिंगला घेऊ. तोपर्यंत फरशी आहेच.’ इतिवृत्त मीच लिहिलं. ‘झाकणाबाबत चर्चा झाली’ असं लिहिलं. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

बोनकोड्याची एक बाई जिना झाडायला यायची. आमच्याकडे पाणी प्यायला मागायची नाही, गावातून बाटली भरून आणायची. दिवाळीच्या सुमारास ती मला म्हणाली, ‘ताय, त्या टाकीचा झाकन फुटलाय. गटाराचा पानी जवलच हाय. कुनाला तरी सांगा.’

मी म्हटलं, ‘सांगितलंय गं. मीटिंगमध्ये घेतलंय.’

ती पुन्हा झाडायला लागली.

डिसेंबरात चेंबर तुंबला. डक्टमधून कोणी कोणी काय काय टाकायचं ते सगळं खाली जाऊन अडकायचं. दोन-तीन आठवडे चेंबरच्या कडेने काळं पाणी झिरपत होतं, गेटपाशी ओल असायची. आम्ही साड्या उचलून तिथून जायचो. नाकाला पदर लावून जायचो. तिथून रोज सोळा घरांतली माणसं जात होती.

त्या दिवसांत एक रविवार आमचा होता. तो रविवार मला चांगला आठवतो. नवरा सकाळच्या शिफ्टला गेलेला. माझ्याकडे चाचणीच्या पेपरांचे दोन गठ्ठे होते, सोमवारी गुण द्यायचे होते. दुपारी चारला भाजी आणायला निघाले तेव्हा वहीची आठवण झाली. टाकीवर व्हॅन उभी होती. झाकण बघायचं तर पहिल्या मजल्यावर जाऊन गाडी काढायला सांगायला हवं होतं, दुपारी झोपलेल्या माणसाला उठवायला हवं होतं. एवढंच. वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन होतं. मी तारीख टाकली, ‘सगळं ठीक’ लिहिलं आणि सही केली. वरच्या ओळीत तीन नंबरची सही होती, तिथेही तेच लिहिलेलं होतं. पेन थोडं अडखळत होतं म्हणून मी सही दोनदा गिरवली.

जानेवारी संपता संपता दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कावीळ झाली. मग तिसऱ्या मजल्यावर दोघांना. लोक म्हणाले, बाहेरचं खाल्लं असेल. कोणी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता दिला. उसाचा रस पाजला. मी पाणी उकळायला लागले आणि शेजारीही सांगितलं. तिने त्याच दिवसापासून उकळायला सुरुवात केली. पण ते उशिराचं होतं हे नंतर कळलं.

आठव्या महिन्यात होती ती. आधी दोन दिवस अन्नावरची वासना गेली. ओकाऱ्या व्हायला लागल्या तेव्हा सासू म्हणाली, ‘पोटुशीला होतं असं कधी कधी.’ तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर ती आमच्या त्या दारांमधल्या जागेत भिंतीला टेकून बसली होती. उजेड तिच्या तोंडावर होता. मी म्हटलं, ‘इकडे बघ.’ तिने बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

‘ताई, मला काय होतंय?’ ती म्हणाली. ‘सकाळपासून मी सारखी विसरतेय. मघाशी पोरीचं नाव आठवेना.’

तिचा नवरा वाशीला. फोन बिल्डिंगमध्ये दोघांकडेच होता. मी पहिल्या मजल्यावर धावले. व्हॅनवाले घरीच होते, जेवत होते. त्यांनी हात धुतला, न धुतल्यासारखा, आणि किल्ली घेऊन खाली आले. त्यांनी तिला अक्षरशः उचलून गाडीत ठेवलं. मी आणि तिची सासू मागे बसलो, तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ताभर ते गृहस्थ हॉर्न वाजवत होते आणि मोठमोठ्याने म्हणत होते, ‘काही होत नाही, काही होत नाही.’ टाकीवरची ती गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच दुपारी निघाली असेल. त्या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही. हॉस्पिटलात तीन दिवस तो येत-जात होता. रक्त लागलं तेव्हा त्यानेच दिलं.

दुसऱ्या दिवशी ती बेशुद्ध झाली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की ही कावीळ घाण पाण्यातून होते, इतरांना झाली तर बहुतेक जण बरे होतात, पण गरोदर बाईला झाली तर काही खरं नाही. ‘महिना-दीड महिन्यापूर्वी काही झालं होतं का तुमच्याकडे? पाण्याची लाईन फुटली, गटार तुंबलं, असं काही?’

तिचा नवरा म्हणाला, ‘काही नाही, डॉक्टरसाहेब.’

मी शेजारी उभी होते. मी मनातल्या मनात आठवडे मोजत होते.

तिला गावी नेलं. आम्हाला जायला मिळालं नाही, ट्रकमध्ये जागा नव्हती आणि आम्ही विचारलंही नाही. चार दिवसांनी पाणी तपासणारे लोक आले. त्यांनी बाटल्यांत पाणी भरून घेतलं, झाकणाचं भोक बघितलं, चेंबर बघितला. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, ‘टाकी बघितल्याची काही नोंद ठेवता का?’

काका म्हणाले, ‘नाही. तसं काही नाही.’

मी तेव्हा दारात होते. संध्याकाळी काका आमच्याकडे आले, वही पिशवीत घालून. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘हे ठेवून उपयोग नाही. उद्या कोणी मागितली तर तुमच्या घरचंच नाव पुढे येईल. मी काढून टाकतो ती पानं.’

मी म्हटलं, ‘काका, ती सही माझी आहे. मी बघितलं नव्हतं.’

‘कोणी बघितलं होतं, बाई?’ काका म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. ‘सोळाच्या सोळा जणांनी तेच लिहिलंय. माझीही सही आहे. तुम्ही एकट्याने कशाला अंगावर घेता?’

नवरा माझ्याकडे बघेना. काका वही घेऊन गेले. मी त्यांना थांबवलं नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण बाकी सगळ्याची कारणं मला देता येतात, याचं नाही. मी त्यांना थांबवलं नाही.

चाळिसाव्या दिवसानंतर तिचा नवरा सामान हलवायला आला. मुलगी आणि आई गावीच होत्या. तो एकटाच भांडी पोत्यात भरत होता. मी चहा घेऊन गेले. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य होतं, पण तोंडातून वेगळ्याच शब्दांत आलं. मी म्हटलं, ‘टाकीची जबाबदारी त्या आठवड्यात आमची होती. मी झाकण उचललं नाही. नुसती सही केली.’

त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘तुमच्या आधीचा आठवडा आमचा होता.’

मी चहाचा कप पातेल्याशेजारी ठेवला.

‘ती म्हणाली होती मला, जाऊन बघून या. घाण वास येतोय म्हणाली. मी म्हटलं, गाडी उभी आहे वर, कुठे बघू. आणि सही करून आलो. घरी येऊन तिला सांगितलं, बघितलं म्हणून.’ त्याने पातेलं उचलून पोत्यात घातलं. ‘तिने मग पाणी भरून ठेवलं. मी बघितलं म्हणालो ना.’

चहावर साय धरली. शेवटी तो म्हणाला, ‘अम्मीला सांगू नका. तिला वाटतं, खुदाची मर्जी.’

मला वाटलं होतं की सांगून टाकलं की निदान कोणाच्या तरी शिव्या खाऊन सुटेन. आता त्याच्याही वाट्याचं माझ्याकडे आलं होतं आणि माझं बहुधा त्याच्याकडे गेलं. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं म्हणतात. हे तसलं नव्हतं. त्याने पोती बांधली, मी खराटा घेऊन त्यांचं रिकामं घर झाडून काढलं. बाळासाठी शिवलेली तीन झबली माझ्या कपाटात होती. ती त्याला द्यावीत की देऊ नयेत हे मला ठरवता आलं नाही. टेम्पो गेला तेव्हाही ती कपाटातच होती. पुढे कधीतरी मी ती शाळेतल्या शिपाईणीच्या सुनेला दिली, कुणाची ते न सांगता.

त्यानंतर काही दिवस बिल्डिंगमध्ये सगळे फार चांगले वागायला लागले. चेंबर साफ झाला, टाकी उपसली, तळाशी बोटभर काळा गाळ निघाला. लोखंडी झाकण आलं, त्याला कुलूप. व्हॅन गेटच्या बाहेर लागायला लागली. नवी वही आली. मे महिन्यात मी सुट्टीत घरी होते, खिडकीतून टाकी दिसायची. एका रविवारी मी बघितलं, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले, मीटरच्या खोलीत गेले, बाहेर आले आणि परत वर गेले. टाकीकडे वळलेही नाहीत. कुलपाची किल्ली आमच्याकडेच असायची. ती न्यायला कोणी आलंच नव्हतं. मी जाऊन वही उघडली. ‘सगळं ठीक.’

मी वही परत होती तिथे टांगली. त्यांना जाऊन काय सांगणार? कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच रोज सकाळी पाणी यायच्या आधी झाकण उघडून टॉर्चने आत बघायला लागले. नवरा म्हणायचा, ‘किती दिवस करणार आहेस हे?’ लोकांच्या ते लक्षात आलं. त्यांना बरंच वाटलं. ‘बाई बघतात’ म्हणायला लागले. वर्षभरात वहीतल्या सह्याही बंद झाल्या, कारण आता गरजच नव्हती. मीटिंगमध्ये एकाने आभाराचा ठराव मांडला, टाळ्या वाजल्या. मी उठून सांगायचा प्रयत्न केला की असं एका माणसावर ठेवू नका, मी आजारी पडले तर, गावाला गेले तर. काका म्हणाले, ‘तुमच्यासारखं कोण बघणार, बाई?’ आणि पुढचा विषय घेतला. तो रंगकामाचा होता.

तीन नंबरमध्ये नंतर दोन भाडेकरू येऊन गेले. दारांमधल्या त्या जागेत मी पुन्हा बसले नाही.

पाच वर्षांनी नवऱ्याने कंपनी सोडली आणि आम्ही पुण्याला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी नव्या सेक्रेटरीला, एका तरुण मुलाला, टाकीपाशी घेऊन गेले. झाकण कसं उचलायचं, टॉर्च कुठे धरायचा, चेंबरच्या कडेला ओल दिसली तर लगेच काय करायचं, सगळं दाखवलं. एका बाईचा जीव गेलाय यात, असंही सांगितलं. तो मान हलवत होता. त्याच्या बायकोने वरून हाक मारली तेव्हा तो ‘आलो, आलो’ म्हणत जिन्याकडे गेला. किल्ली माझ्याच हातात होती. मी मागोमाग जाऊन ती त्याच्या दाराच्या कडीला अडकवली आणि खाली आले. ट्रक सुरू झाला होता.